पेट्रोलची नळी कडक झाली, बदलताना कोणती घ्यावी?

प्रश्न (जळगाव): कार्बुरेटरवाली 125 सीसी गाडी. टाकीच्या कॉकपासून (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) येणारी पारदर्शक नळी पिवळी पडून कडक झालीये, निपलपाशी (नळी जिच्यावर चढते ती छोटी तोटी) पेट्रोल पाझरतं. दुकानात पारदर्शक, काळी रबरी आणि सिलिकॉन, अशा तीन मिळतात. कोणती?

उत्तर १: सिलिकॉन नको भाऊ, उष्णता झेलते पण पेट्रोलने फुगते. पारदर्शक पीव्हीसी आपल्याकडच्या मे महिन्याच्या 44-45 अंशांत लवकर कडक होते. काळी घ्या, पण नळीवर ‘एसएई जे30 आर7’ किंवा ‘आर9’ (इंधनाच्या नळीचं मानक) छापलेलं बघूनच. आर7 म्हणजे आतून नायट्राइल रबर, आर9 ला आतून फ्लुरोरबरचा, म्हणजे इथेनॉलला जास्त टिकणाऱ्या रबराचा थर. ई20 पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे परवडत असेल तर आर9च. साधी काळी नळी आतून सुटते, तिचे कण जेटमध्ये (कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात) अडकतात आणि दोष कार्बुरेटरवर जातो.

उत्तर २: आधी निपलची बाहेरची जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायची पट्टी) मोजा. 6 मिमी असेल तर आतून 5.5 ते 6 मिमीची नळी. जुनी ओढू नका, निपल हलतं. ब्लेडने उभी चिरून सोडवा. नवी कापल्यावर आत फुंकर मारा. तारेची स्प्रिंग क्लिप बरी, स्क्रूवाली पातळ नळीत रुतते. वळण सैल ठेवा, उतार कार्बुरेटरकडे. मधे उंचवटा राहिला की हवा अडकते आणि टाकी अर्ध्यावर आली की गाडी बंद पडते.

उत्तर ३: पुढे कुणी वाचेल म्हणून: फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बुरेटर नसलेल्या) गाडीला ही नळी लावू नका. तिथे दाब साधारण 3 बार असतो, कंपनीचीच नळी लागते.