माध्यम सुधारणेच्या परिषदांमधून प्रत्यक्षात काय निघते?

तळटीप
नमस्कार मंडळी. मी पुण्यात राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माध्यमे, तंत्रज्ञान व लोकशाही यांच्या संबंधावर लघुप्रबंध लिहीत आहे. अभ्यासासाठी मी अमेरिकेतील ‘फ्री प्रेस’ या संस्थेने 2003 ते 2013 या काळात मॅडिसन, सेंट लुईस, मेम्फिस, मिनियापोलिस, बोस्टन आणि डेन्व्हर येथे भरवलेल्या ‘नॅशनल कॉन्फरन्स फॉर मीडिया रिफॉर्म’ या सहा परिषदा निवडल्या आहेत. पहिले प्रकरण लिहून दिले, तेव्हा आमच्या बाईंनी समासात लाल शाईने “मग पुढे काय झाले?” एवढेच लिहून कागद परत केले. वक्ते कोण होते आणि ते काय बोलले हे मी सविस्तर मांडले होते. त्यापुढचे मला खरोखरच सांगता येत नाही. अशा परिषदेमुळे एखादा कायदा किंवा नियम बदलला, असे पुराव्यानिशी म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हडसनकाठ
आपल्या बाईंचा शेरा योग्य आहे. मी गेली 26 वर्षे न्यू जर्सीत आहे आणि यांपैकी बोस्टनच्या परिषदेला हजर होतो, म्हणून थोडे लिहितो.

प्रथम तारखा पाहाव्यात. मॅडिसनची परिषद 7 ते 9 नोव्हेंबर 2003 या दिवसांत झाली. ज्या निर्णयाविरुद्ध ती भरली असे सर्वसाधारणपणे मानले जाते, तो फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा (प्रसारण व दूरसंचाराचे नियम करणाऱ्या अमेरिकी आयोगाचा) निर्णय मात्र 2 जून 2003 रोजीच 3 विरुद्ध 2 मतांनी झाला होता. एका कंपनीच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी देशातील जास्तीत जास्त किती टक्के घरांपर्यंत पोहोचावे, याची मर्यादा त्याने 35 वरून 45 टक्क्यांवर नेली. नुसत्या तारखा वाचणाऱ्याला ही परिषद म्हणजे वरातीमागून घोडे वाटेल. परंतु दरम्यानच्या पाच महिन्यांत लाखो नागरिकांनी आयोगाकडे आणि काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, आपला विरोध नोंदवला होता, 3 सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने नव्या नियमांना स्थगिती दिली होती आणि 16 सप्टेंबरला सिनेटने 55 विरुद्ध 40 मतांनी ते नाकारण्याचा ठराव केला होता. म्हणजे चळवळ आधीच उभी होती आणि मॅडिसनला ती एका छताखाली आली. परिषदेने चळवळ घडवली, असे प्रबंधात लिहू नये. क्रम उलटा आहे.

शेवट मात्र मासलेवाईक झाला. जानेवारी 2004 मध्ये काँग्रेसने तडजोड म्हणून मर्यादा 39 टक्क्यांवर आणली. हाच आकडा का, तर व्हायकॉम आणि न्यूज कॉर्पोरेशन या दोन कंपन्या तेव्हाच सुमारे तेवढ्यावर पोहोचल्या होत्या आणि त्यांना एकही केंद्र विकावे लागू नये अशी सोय त्यात होती. चळवळीने 45 अडवले, पण 35 परत मिळवले नाहीत. लोकांच्या दबावाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे या एका आकड्यातून दिसते.

बोस्टनचीही एक आठवण सांगतो. परिषद सुरू झाली त्याच दिवशी, 8 एप्रिल 2011 रोजी, प्रतिनिधिगृहाने नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व मजकुराला सारखीच वागणूक द्यावी, असे सांगणारे) नियम रद्द करण्याचा ठराव 240 विरुद्ध 179 मतांनी संमत केला. सभागृहात शेकडो लोक होते आणि त्यांतील निम्मे तरी मोबाइलमध्ये डोके घालून बसले होते. (तो ठराव पुढे नोव्हेंबरमध्ये सिनेटमध्ये पडला.) मला व्यासपीठावरचे फारसे काही आठवत नाही, आपापल्या भागातील प्रतिनिधीने कसे मत दिले हे एकमेकांना दाखवणारी माणसे तेवढी आठवतात.

खडकाळ रान
वरील विवेचनात एका विषयाची भर घालावीशी वाटते, कारण माझ्या मते खरा हिशेब तेथे लागतो. तो विषय म्हणजे कमी शक्तीचा एफएम रेडिओ. 100 वॉटपर्यंतच्या बिगरव्यापारी केंद्रांना आयोगाने जानेवारी 2000 मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस, मोठ्या प्रसारकांच्या “आमच्या प्रक्षेपणात व्यत्यय येईल” या तक्रारीवरून काँग्रेसने तिला इतकी बंधने घातली की मोठ्या शहरांत अशा केंद्रांना जागाच उरली नाही. काँग्रेसनेच सांगितल्यावरून मायटर या संस्थेने तांत्रिक चाचण्या केल्या आणि 2003 मध्ये ती भीती निराधार ठरली. तरीही बंधने उठवणारा कायदा होण्यास 4 जानेवारी 2011 उजाडले. अर्जांची खिडकी उघडली ऑक्टोबर 2013 मध्ये, म्हणजे डेन्व्हरच्या परिषदेनंतर सहा महिन्यांनी. या सगळ्या काळात फिलाडेल्फियाचा ‘प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट’ हा छोटा गट चिकटून राहिला. मालकीच्या नियमांना वर सांगितलेली स्थगिती ज्या खटल्यात मिळाली, त्यालाही याच गटाचे नाव आहे. परिषदेचा उपयोग मोजायचा असेल तर दोन परिषदांच्या मधल्या वर्षांत कोण काम करीत राहिले, हे पाहावे.

हे मला जवळचे वाटण्याचे कारण असे की मी स्वतः एका तालुक्याच्या गावी सामुदायिक रेडिओवर काम करतो. 2006 च्या धोरणानुसार आपल्याकडेही प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारण 100 वॉट आणि मनोरा 30 मीटरपर्यंतच असतो. फरक असा की त्यांचे शंभर वॉट बातम्या देऊ शकतात आणि आपले स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाहीत. “उद्या टँकर सकाळी दहाला मारुतीच्या देवळापाशी येईल” हे आम्ही सांगतो. तो टँकर तीन दिवस का आला नाही, हे विचारणारा फोन आला की निवेदक ताई गाणे लावतात. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच म्हटले आहे. त्यावर पुण्या-मुंबईत चर्चासत्रे भरपूर झाली असतील, आमच्यापर्यंत त्यांतून काही आलेले नाही.

चौथा मजला
मी संगणक क्षेत्रात आहे, माध्यमांचा अभ्यासक नाही. तरीही आपण आपल्याकडचे एक उदाहरण अवश्य घ्यावे, असे सुचवतो. मार्च 2015 मध्ये ट्रायने (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) इंटरनेट सेवांविषयी 118 पानांचा, 20 प्रश्न असलेला मसुदा काढून हरकती व सूचना मागवल्या. काही स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरे तयार करून ठेवली आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्यांतला एक माझा होता.

मात्र केवळ संख्येने निकाल लागला, असे कोणी समजू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर दुसरा मसुदा आला, तेव्हा फेसबुकनेही ‘फ्री बेसिक्स’ या ठरावीक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो संदेश पाठवून घेतले. त्या संदेशांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरेच नाहीत, असे ट्रायने कंपनीला सुनावले. आमचेही ईमेल साच्यातलेच होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, पण त्या साच्यात प्रश्नाखाली उत्तर होते. 8 फेब्रुवारी 2016 च्या विनियमाने मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास बंदी आली आणि मोडणाऱ्यास दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड ठरला.

आता एक शंका. अमेरिकन परिषदा दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांच्या मालकीवर झगडत होत्या, त्याच दहा वर्षांत जाहिरातींचा पैसा गूगल आणि फेसबुककडे निघून गेला. 1 एप्रिल 2021 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकीच्या खटल्यात एकमताने प्रोमिथियसच्या विरुद्ध निकाल दिला, तोवर क्लिअर चॅनेल या ज्या रेडिओ कंपनीच्या अवाढव्य आकाराला सारे भीत होते, तिने नाव बदलून 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्जही केला होता. लढाई चुकीच्या खिंडीत झाली, असे म्हणावे का?

हडसनकाठ
काही अंशी म्हणता येईल. पण नेट न्यूट्रॅलिटी हा विषयही याच परिषदांमध्ये वाढला, हे विसरू नये. त्या नियमांची कथा तर आणखी करुण आहे: 2015 मध्ये भक्कम स्वरूपात आले, 2017 मध्ये रद्द झाले, 2024 मध्ये परत आले आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा रद्द केले. आयोगावर कोणाचे बहुमत आहे आणि न्यायालय काय म्हणते, यांवर ते हेलकावत राहिले. कमी शक्तीच्या रेडिओचा कायदा मात्र काँग्रेसने केलेला असल्याने आजही टिकून आहे.

तळटीप
आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. भाषणांचे प्रकरण मी दोन पानांवर आणते आणि 35, 45, 39 या आकड्यांपासून सुरुवात करते. खडकाळ रान यांना एक विनंती आहे. टँकरचा जो प्रसंग आपण लिहिलात, तसे फोन आपल्या केंद्रावर नोंदवून ठेवले जातात का? परवानगी असल्यास मी दिवाळीच्या सुटीत येऊन ती वही पाहू शकेन.

खडकाळ रान
वही आहे. तारीख, गाव आणि विषय एवढेच लिहिलेले असते, नाव लिहीत नाही. अवश्य यावे; एसटी दुपारी दीडला पोहोचते आणि आमचे प्रसारण चारला सुरू होते.