मोसंबीच्या बागेतल्या मातीतून पेक्टिनेजवाले (पेक्टिन तोडणारं एन्झाइम बनवणारे) बॅक्टेरिया मिळेनात, काय चुकतंय?

जालन्याची_मायक्रो:
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. बदनापूरजवळ आमचीच मोसंबीची बाग, गळलेली फळं सडतात तिथली १० ग्रॅम माती ९० मिली पाण्यात, पुढं डायल्युशन करून (आणखी पातळ करून) पेक्टिन अगारवर पसरली, म्हणजे पेक्टिन (वनस्पतींच्या पेशी चिकटवून ठेवणारा पदार्थ) घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर. कॉलन्या ढीगभर पण आयोडीन ओतलं की सगळी प्लेट एकसारखी तपकिरी, झोन (पेक्टिन खाल्लं गेल्याचं कॉलनीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ) कुठंच नाही. अगार पण धड गोठत नाही, लूप लावला की फाटतो. १% पेक्टिन, थोडं ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, सॉल्ट्स. तीन आठवडे गेले, कुणीतरी सांगा.

लॅबदादा:
ग्लुकोज आधी काढ. आयती साखर मिळाली तर बॅक्टेरिया पेक्टिन तोडायचं एन्झाइम बनवायचंच थांबवतात. अगारचं म्हणशील तर पेक्टिन आंबट असतं, त्या पीएचवर ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलं) की अगार तुटतो, म्हणून आधी पीएच ७ ला आण, पण फार वर नेऊन तापवू नको, तेव्हा पेक्टिन स्वतःच तुटतं. आणि आयोडीनचा झोन लगेच बघायचा, थोड्या वेळानं पुसट होतो. आयोडीननं कॉलनी मरते, मास्टर प्लेट (त्याच कॉलन्यांची जिवंत नक्कल) आधी काढून ठेव!!

सेलूकर_शेतकरी:
मला लॅबचं काही कळत नाही पण एक सांगतो ताई. आमच्याकडं अंबाडीच्या पेंढ्या डोहात दगड ठेवून बुडवायचे, दहा-पंधरा दिवसांत साल सुटायची, मग वाख काढून कासरे वळायचे. पाण्याला असा वास की जवळ उभं राहवत नसे. ते कुजणं ह्याच किड्यांचं का?

लॅबदादा:
हो काका, अगदी तेच. वाखाचे धागे एकमेकांना पेक्टिननंच चिकटलेले असतात, बॅक्टेरिया तेवढंच खातात, धाग्यातल्या सेल्युलोजला सहसा हात लावत नाहीत. ताई, बाजारातलं ज्यूसचं पेक्टिनेज बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीचं, ते आंबटात चालतं. बॅसिलस बॅक्टेरियाचं पेक्टेट लायेज (तेही पेक्टिन तोडणारंच एन्झाइम) मात्र पीएच ८ ते १० ला जोरात चालतं आणि त्याला कॅल्शियम लागतं, वाखासाठी तेच कामाचं. माती ८० डिग्रीला १० मिनिटं ठेवून मग पसरव, स्पोरवाले (उष्णता सोसणारे बीजाणू बनवणारे) बॅसिलसच उरतील.

जालन्याची_मायक्रो:
ग्लुकोज काढलं, पीएच ७ केला, काल दोन कॉलन्यांभोवती स्वच्छ झोन!! काका, तुमच्याकडं अजून कुणी अंबाडी भिजवतं का? त्या डोहातला गाळ हवाय.

सेलूकर_शेतकरी:
एक म्हातारबा अजून भिजवतेत. दिवाळीनंतर या, बाटली घेऊन.