आमच्या घरातला पांढऱ्या दाढीचा इटालियन म्हातारा कोण असेल?

ठाकुरद्वारची:
आजोबांनी चोरबाजारातून आणलेलं एक तैलचित्र आमच्याकडे आहे, साधारण दोन फूट उंच. पांढरी दाढी, काळा कोट, गळ्याशी राखाडी रुमाल. खाली कोपऱ्यात तांबड्या रंगात ‘मिलानो १८८८’, त्याआधीची सही पुसट. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, हा संगीतकार वेर्दी. आजी म्हणायची, कुणाचा तरी आजा असेल, धूळ बसू देऊ नका. गेल्या पावसाळ्यात एका फ्रेमवाल्याने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि डाव्या खांद्यावर पांढुरका डाग आला. तेव्हापासून जीवाला चैन नाही. विकायचं मुळीच नाही. माणूस कोण, एवढं कळायला हवं.

सुरांचा_वेडा:
दाढीवरून वेर्दीच वाटतोय! १८८८ला तो पंचाहत्तरीचा होता, वयही जुळतं.

भिंगवाला_काका:
ताई, आधी फडकं बंद. डाग बहुधा व्हार्निशमध्ये ओल शिरल्याचा आहे, तो जाणकाराकडूनच काढून घ्या. वेर्दीबद्दल घाई नको. तशी दाढी तेव्हा इटलीत कितीतरी वकील-व्यापाऱ्यांना होती. बोल्दिनी या इटालियन चित्रकाराने १८८६मध्ये पॅरिसला वेर्दीची दोन चित्रं केली, एक तैलरंगात आणि एक पॅस्टलमध्ये. प्रसिद्ध झालं ते पॅस्टल: डोक्यावर उंच हॅट, गळ्याशी पांढरा रेशमी रुमाल. त्याचीच नक्कल कुणी केली असती तर हॅट सोडली नसती. दाढी कापता येते, कान नाही. म्हणून वेर्दीच्या फोटोशेजारी कान, कपाळ आणि नाकाचा बाक ठेवून बघा. त्याच काळातला मोरेल्ली नावाचा इटालियन पारखी तर कान आणि नखं कशी रंगवलीत यावरून चित्रकार ओळखायचा.
मग भिंग घ्या. गालावर बारीक ठिपके दिसले तर छापील ओलिओग्राफ समजा. आणि मागची बाजू बघाच! लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात पाचरी आहेत का, कॅनव्हासवर दुकानाचा शिक्का आहे का, कुणी काही लिहिलंय का. सवड काढून फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं पाहून या. जुन्या तैलरंगाला तडे कसे जातात ते डोळ्यांत बसेल.

ठाकुरद्वारची:
काका, काल भावाला हाताशी घेऊन चित्र उतरवलं. ठिपके नाहीत, कपाळावर ब्रशचे फराटे स्पष्ट दिसतात. आठातल्या तीन पाचरी गळाल्यात. शिक्का नाही. पण वरच्या पट्टीवर पेन्सिलीने दोनच शब्द आहेत: ‘मिओ पाद्रे’. भाचीने फोनवर अर्थ शोधला. माझे वडील.