मदत हवी आहे: भाच्याला आमच्या शॉपचं खोटं अनुभवपत्र हवंय, नकार कसा देऊ?

नाशिकला एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचं) टर्निंग आणि थोडं व्हीएमसीचं, म्हणजे मिलिंगचं, जॉबवर्क, एकूण १४ माणसं. मशीनवरचं सगळं हे बघतात. हिशेब, पगार, चलनं माझ्याकडे, आणि लेटरहेडचा गठ्ठाही माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो.

मोठ्या नणंदेचा मुलगा मेकॅनिकलचा बीई. २०२१ ला पास झाला आणि राज्यसेवेच्या तयारीला पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिका, मेस, सगळं रीतसर. एकदा पूर्व निघाली, मुख्यला राहिला. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर त्याने नाद सोडला. मुलगा हुशार आहे, कष्टाळूही आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता खासगी नोकरी शोधतोय. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीची जागा निघाली आहे आणि दोन वर्षांचा अनुभव मागितलाय. त्याने बायोडेटात आमच्या शॉपचं नाव टाकून तो पाठवूनही दिलाय! 'क्वालिटी इंजिनिअर, जून २०२२ ते मे २०२४.' हे आम्हाला नंतर कळलं. आता त्याला पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हव्या आहेत.

ताईंचं म्हणणं, "वहिनी, एक कागद तर द्यायचाय. तुमच्या खिशातून काय जातंय?"

त्यांच्या यजमानांनी तर सगळी योजनाच मांडली. तुमच्याकडे २० च्या आत माणसं, म्हणजे पीएफ लागू नाही. पगार २२ हजार दाखवा, म्हणजे ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) २१ हजारांच्या मर्यादेबाहेर. आणि पगार रोखीने दिला म्हणा, म्हणजे बँकेत नोंद सापडायचा प्रश्न नाही. एवढा गृहपाठ मुलाच्या इंटरव्ह्यूचा करून घेतला असता तर बरं झालं असतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

हे मामा म्हणून विरघळले आहेत. "आपल्याला कोण विचारायला येतंय?" म्हणतात. पण येतात विचारायला. आमचा एक व्हीएमसी ऑपरेटर गेल्या वर्षी सोडून मोठ्या कंपनीत लागला, तेव्हा व्हेरिफिकेशन एजन्सीची आधी ईमेल आली, मग फोन. रुजू कधी झाला, सोडलं कधी, हुद्दा काय, शेवटचा पगार किती, कुणाच्या हाताखाली होता, का सोडलं, परत घ्याल का. तो फोन मीच घेतला होता. सगळं खरं होतं, म्हणून दोन मिनिटांत संपला. भाच्याच्या वेळीही फोन मलाच येणार, आणि मला खोटं बोलता येत नाही. (मी फार सत्यवादी आहे असं नाही, पण आवाज लगेच चोरटा होतो.)

आणि इंटरव्ह्यूत तो सांगणार काय? आमच्याकडे क्वालिटी म्हणजे मायक्रोमीटर, बोअर गेज आणि सुपरवायझर काकांचे डोळे. सीएमएमचं (अचूक मापं घेणाऱ्या मोठ्या मशीनवरचं) इन्स्पेक्शन आम्ही बाहेरून करून आणतो. पीपॅपचे, म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याचे, कागद करायची वेळ आली की काका आणि मी रात्री बसतो. भाच्याने ते कागद पाहिलेलेही नाहीत.

तर मदत अशी हवी आहे. असं पत्र दिल्यास आमच्यावर नेमकं काय येऊ शकतं, हे ह्यांना पटेल अशा भाषेत कुणी सांगेल का? पाठवून झालेल्या बायोडेटाचं आता काय करावं? आणि त्याला खरोखर उपयोगी पडेल असं, खोटं न लिहिता, आम्ही काय देऊ शकतो? नुसतं "नाही" म्हटलं तर दिवाळीला माहेरी आलेल्या नणंदेसमोर बसायचंय मला.

प्रतिसाद: गेजब्लॉक

चाकणमध्येच ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे. लहान शॉपच्या पत्रांकडे आम्ही उलट जास्त बारकाईने बघतो, कारण पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) नसला की मागचा ट्रेल नसतो. यूएएन असेल तर सर्व्हिस हिस्टरी बघून दोन मिनिटांत काम होतं. नसेल तर बँक स्टेटमेंट मागतो, फोन करतो, संशय आला तर माणूस पत्त्यावर जातो. तुमच्या शॉपमध्ये येऊन एखाद्या ऑपरेटरला सहज विचारलं की "अमुक साहेब इथे होते ना?" तर तो काय सांगेल?

दुसरं, ऑफर लेटरमध्ये कलम असतंच की दिलेली माहिती खोटी निघाल्यास कधीही काढू. 'कधीही' म्हणजे कन्फर्म झाल्यावरसुद्धा. २०२२ च्या नोव्हेंबरात ॲक्सेंचरने जाहीरपणे सांगितलं होतं की भारतात काही कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं वापरून लोक नोकरीला लागत होते, आणि खात्री पटलेल्यांना काढून टाकलं. त्यानंतर आमच्यासारख्या कंपन्यांतही तपासणी कडक झाली.

मामींनी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही, म्हणून सांगतो. पत्र खोटं निघालं की आम्ही फक्त उमेदवाराला नाकारत नाही, ज्या शॉपने ते दिलं त्याचं नावही लिहून ठेवतो. उद्या तुमचा दुसरा एखादा ऑपरेटर खरं पत्र घेऊन आला, तर त्याची फाइल बाजूला पडणार. त्याने तुमच्याकडे पाच वर्षं घाम गाळलेला असेल, पण आम्हाला ते कसं कळणार?

प्रतिसाद: भर_दुपारी

इतकं काय घाबरायचं? निम्मं जग असंच चाललंय. कंपन्या स्वतः फ्रेशरच्या जागेला दोन वर्षांचा अनुभव मागतात, ही त्यांची लबाडी नाही का? मुलगा इंजिनिअर आहे, काम शिकेल. द्या पत्र.

प्रतिसाद: ताळेबंद

वरच्यांच्या रागाशी सहमत, उपायाशी नाही. सीए आहे, म्हणून फक्त आकड्यांचं बोलतो.

नणंदेच्या यजमानांनी पीएफ आणि ईएसआय चुकवला, पण व्यवसाय कर विसरले. महाराष्ट्रात २२ हजार पगाराच्या पुरुषाच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरावे लागतात. स्लिपवर कपात दाखवली तर भरल्याचं चलन कुठे आहे? नाही दाखवली तर ती स्लिप बघणाऱ्या कुठल्याही एचआरला लगेच खटकेल. रोखीचंही तेच. एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिलेला खर्च प्राप्तिकरात ग्राह्य धरत नाहीत, हे माहीत असलेला मालक २२ हजारांचा पगार रोखीने देत नाही. आणि हा पगार तुमच्या मागच्या वर्षांच्या वह्यांत नाहीच. म्हणजे एका पत्राला टेकू द्यायला हजेरी, पगारपत्रक, रोजकीर्द, सगळंच नव्याने लिहावं लागेल.

कायद्याचं थोडक्यात: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. फसवणूक कलम ३१८, बनावट दस्तऐवज कलम ३३६, बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं कलम ३४०. यातलं नेमकं काय लागू होईल हे वकील सांगेल. प्रत्यक्षात कंपन्या बहुतेक वेळा पोलिसांत न जाता माणसाला काढून मोकळ्या होतात, हे खरं आहे. पण गेल्याच, तर सही तुमच्या यजमानांची असेल, भाच्याची नाही. यजमानांना हेच वाक्य सांगा.

प्रतिसाद: अभ्यासिका_सोडलेला

मी ह्या मुलाच्या जागी होतो. पाच वर्षं पेठेत काढली. गॅप लपवावीशी वाटते, कारण 'काहीच केलं नाही' असं लिहिल्यासारखं वाटतं. मी शेवटी सरळ लिहिलं: 'राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण.' पुणे-नाशिकच्या एचआरला हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्याही घरात कुणीतरी अभ्यासिकेत बसलेलं असतं. एकाने विचारलं, आता परत परीक्षा देणार का? त्यांना भीती गॅपची नसते, तुम्ही सहा महिन्यांत जाहिरात आली की पळाल याची असते. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र घरून ठरवून जायला सांगा. पगार कमी मिळाला मला, हेही खरं.

पाठवलेल्या बायोडेटाबद्दल: त्याने स्वतःच ईमेल करून सुधारित प्रत पाठवावी, नाहीतर अर्ज मागे घ्यावा. मामीने करायचं नाही.

प्रतिसाद: गेजब्लॉक

+१. आणि मामी, तो सध्या रिकामा असेल तर खरोखरच शॉपवर बोलवा ना. ॲप्रेंटिस कायद्याखाली ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेलाही ऐच्छिक ॲप्रेंटिस घेता येतो. पदवीधरांसाठी नॅट्सचं, म्हणजे सरकारी ॲप्रेंटिस योजनेचं, पोर्टल आहे, फक्त पास होऊन किती वर्षं झाली याची अट आधी तपासा. ते नाही जमलं तर साधं प्रशिक्षणार्थी म्हणून घ्या, पगार बँकेतून द्या, आणि जितके महिने करेल तितक्याच महिन्यांचं पत्र द्या. ज्याने स्वतः फर्स्ट पीस (मशीनवरून उतरलेला पहिला नग) तपासलाय, त्याचं सहा महिन्यांचं खरं पत्र मला चालतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. ताळेबंद यांचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. सहीच्या वाक्यावर थांबले, चष्मा काढून पुसला आणि "ताईला मी सांगतो" म्हणाले. सांगितलंही. ताई सध्या माझ्याशी बोलत नाहीत, फक्त ह्यांच्याशी बोलतात. चालेल.

भर_दुपारी, दोन वर्षांच्या अटीबद्दलचा तुमचा राग मलाही आहे. पण तो राग माझ्या लेटरहेडवर काढता येत नाही.

भाच्याशी मी वेगळं बोलले. त्याने अर्ज मागे घेतला, जरा घुश्शातच. शॉपवर येण्याबद्दल मात्र त्याने एवढंच विचारलं, "मामी, काका शिकवतील का नीट, की नुसती झाडू मारायला लावतील?" काकांना विचारलं, तर म्हणाले दोन्ही.

आता नॅट्सबद्दल एक शंका आहे. आस्थापना नोंदवताना उद्यम नोंदणी आणि जीएसटी पुरतं, की कारखाना परवानाही जोडावा लागतो? आणि मालकाचा सख्खा भाचा ॲप्रेंटिस म्हणून चालतो का? लहान शॉपवाल्या कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी फॉर्म भरायला बसणार आहे.