शाळेचा दहा वर्षांचा आराखडा आणि मंडळाची मदत

प्रेषक: कोषाध्यक्ष
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

मध्य मुंबईतल्या ज्या कॅथलिक शाळेच्या मराठी माध्यमात आपल्या परदेशातल्या मंडळाचे अनेक सभासद शिकले, त्या शाळेने पुढील दहा वर्षांचा आराखडा करायला घेतला असून माजी विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. डिजिटल वर्ग आणि संगणक कक्ष यांसाठी निधी उभारावा, असा कार्यकारिणीत सूर निघाला. पट घटत असल्याने मराठी माध्यम टप्प्याटप्प्याने बंद करावे, असेही काहींनी सुचवले आहे. शाळेतल्या आपल्या बाई या आराखडा समितीवर आहेत. त्यांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

प्रेषक: बाई, मुंबई
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

तुमची शाळेबद्दलची आपुलकी मी जाणते, पण आराखड्याची सुरुवात संगणक कक्षापासून होऊ नये, असे मला ठामपणे वाटते. समितीच्या कामासाठी मी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, चाळले, तेव्हा लक्षात आले की मुले आपल्या शाळेतून मध्येच गळत नाहीत, ती पहिलीला येतच नाहीत. मराठी विभागाला शिशुवर्ग नसल्यामुळे आई-वडील तिसऱ्या वर्षी मुलाला घराजवळच्या इंग्रजी नर्सरीत घालतात आणि पुढे ते मूल तिथल्याच पहिलीत जाते. शाळा अनुदानित असली, तरी पूर्वप्राथमिक वर्गांना शासनाचे वेतन अनुदान मिळत नाही, शिक्षिकांचा पगार शाळा चालवणाऱ्या संस्थेलाच द्यावा लागतो. म्हणून हा वर्ग आजवर रखडला. पहिलीचा पट घटला की काही वर्षांत वरचे वर्ग ओस पडतात, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शासन शिक्षकांची पदे ठरवते तेव्हा, पदे कमी होतात, अतिरिक्त ठरलेले शिक्षक दुसऱ्या शाळेत जातात आणि उरलेल्यांना आपला नसलेला विषय शिकवावा लागतो. ते पाहून पालक आणखी दुरावतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात धरले आहे, आणि आपला पाया मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो.

मराठी विभाग बंद करण्याची सूचना मला मुळीच मान्य नाही. कॅथलिक शाळा म्हटले की लोकांना वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस किंवा धोबीतलावचे सेंट झेवियर्स आठवते. परंतु मुंबईच्या मूळच्या कॅथलिक रहिवाशांच्या, म्हणजे ईस्ट इंडियन समाजाच्या, आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या घरांत मराठीच्या बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, आणि 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, ते याच मातीतून. आज मराठी विभागातली बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत; त्यांच्या आया घरकाम करतात, वडील इमारतींवर पहारा देतात. गेल्या पालकसभेत एक आई म्हणाली, “बाई, इंग्रजी नीट शिकवणार असाल तर मला मराठी शाळाच बरी, मुलीचा अभ्यास मला तरी कळतो.” गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमी-इंग्रजी विभाग नेमके हेच देतो.

शाळेचे कॅथलिकपण टिकेल का, हाही प्रश्न समितीत निघतो, कारण सिस्टरांची संख्या कमी होत चालली आहे. संविधानाच्या 30व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपली शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे आणि 28व्या कलमानुसार पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही; या चौकटीत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण हीच रीत पुढेही चालावी. पण उद्या मुख्याध्यापक सिस्टर नसतील, हे गृहीत धरून आजच्या शिक्षकांतून दोघा-तिघांना आतापासून तयार करायला हवे. माझ्या मते कोणत्याही यंत्रसामग्रीपेक्षा हे अधिक निकडीचे आहे.

मंडळाने पाच वर्षे शिशुवर्गाच्या दोन शिक्षिकांचा आणि एका मावशींचा पगार उचलावा, आणि त्यानंतरची जबाबदारी संस्थेने लेखी स्वीकारावी, एवढीच माझी मागणी आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष
प्रति: सर्व सभासद

बाईंचे पत्र वाचून कार्यकारिणीने संगणक कक्षाचा प्रस्ताव मागे घेतला आहे. शिशुवर्गाचा ठराव पुढील बैठकीत येईल, मात्र पैसे पाठवण्याची बाजू सर्वांनी नीट समजून घ्यावी. ज्यांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याच्या भाषेत परदेशातून आलेली देणगी, ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, तसे अंशदान ठरते. मंडळाच्या इथल्या खात्यातून गेलेल्या रकमेचेही तेच. ते स्वीकारण्यासाठी 2010 च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे नोंदणी असलेल्या एखाद्या ओळखीच्या संस्थेमार्फत पैसे पोहोचवण्याचा विचार कोणी करू नये. प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे, पण शाळेतल्या शिक्षकांचे वेतन त्यात मोजले जात नाही, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे.

बाई, संस्थेची अशी नोंदणी आहे का आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे, हे संस्थेकडून लेखी मागवावे. जूनमध्ये शिशुवर्ग भरायचा असेल, तर त्याची सूचना शाळेच्या फाटकावर आणि आसपासच्या वस्त्यांत इंग्रजी नर्सरींचे प्रवेश सुरू होण्याआधी लागायला हवी. ती केव्हा लावता येईल, तेही कळवावे.