योहान हाइनरिख, हेन्रिख, हेन्री: माणूस एकच का?

प्रश्न: जर्मनीतल्या हेसनमधल्या एका गावाच्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या चाळतोय. १८४२च्या बाप्तिस्म्यात योहान हाइनरिख, लग्नाच्या नोंदीत हेन्रिख, न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशांच्या यादीत नुसता हेन्री. आडनाव जुळतं. एकच धरू का? शिवाय तिघे भाऊ, तिघेही योहान, हे कसं?

वंशवेल: पुढचा ‘योहान’ मोजूच नका. मुलांना योहान आणि मुलींना आना किंवा मारिया सर्रास लावत. हाकेचं नाव म्हणजे ‘रुफनामे’, ते बहुधा दुसरं. तिघे भाऊ हाइनरिख, गेओर्ग, याकोब म्हणून वावरत असतील. मात्र ‘योहानेस’ असं पूर्ण आणि एकटंच लिहिलं असेल, तर सहसा तेच हाकेचं. हेन्रिख हे हाइनरिखचंच रूप. उत्तरेत हिन्रिख दिसेल.

जुनी_वही: लाडक्या नावांत आपण नावाची सुरुवात शोधतो आणि फसतो, कारण जर्मनमध्ये बऱ्याचदा शेपूट उरतं. निकोलाउसचा क्लाउस, सेबास्टियानचा बास्टियान, कातारिनाची ट्रिने, मार्गारेटाची ग्रेटे. एलिझाबेथ तर एल्से, लीझे, बेटी काहीही होते. गेओर्ग उत्तरेत युर्गन होतो.

शोधताना सी-के, आय-वाय, टी-टीएच अदलाबदल करून बघा. सोपं म्हणजे शंकास्पद अक्षराच्या जागी तारांकन टाका. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ई आणि एन जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे सूचीत चुकीचं वाचन सापडतंच. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये: लुडविग तिथे लुडोविकुस. आणि ‘योहानिस’ दिसलं तर ते वेगळं नाव नव्हे, ‘योहानेसचा’ अशी षष्ठी. बहुतेक बापाचा उल्लेख.

वंशवेल: खरा धोका वेगळाच. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. १८४२च्या नोंदीशेजारी छोटा क्रूस आहे का बघा. असला, तर तुमचा हेन्री बहुधा धाकटा भाऊ. नाव अनेकदा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाची हमी घेणाऱ्याचं ठेवत, म्हणून एकाच गावात त्याच नावाचे चुलतभाऊही निघतात. त्यासाठी कन्फर्मेशनची, म्हणजे मोठ्या वयात श्रद्धा कबूल करण्याच्या चर्चविधीची नोंद काढा, साधारण चौदाव्या वर्षाची. तिथे आईबापांची नावं मिळण्याची शक्यता असते.

जुनी_वही: जहाज हांबुर्गहून सुटलं असेल तर तिथल्या याद्या १८५० पासूनच्या आहेत. त्या जर्मनमध्ये आहेत, तिथे हेन्री नाही, हाइनरिख शोधा.