फोनवर बोलणाऱ्या यंत्रणेला रीतभात कशी शिकवावी?

नदीकाठ (प्रश्न):
आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेसाठी आम्ही हप्त्याची आठवण करून देणारी आणि शिल्लक सांगणारी फोन यंत्रणा तयार करत आहोत. तिला मराठी बऱ्यापैकी कळते, तरीही वयस्कर सभासद वैतागून फोन ठेवतात. एक आजोबा "थांबा हं, पासबुक आणतो" म्हणून उठले आणि ते कपाटापर्यंत पोहोचण्याआधीच यंत्रणेने "आपले उत्तर समजले नाही" असे दोनदा ऐकवून फोन बंद केला. सुरुवातीला "तब्येत बरी आहे ना?" अशी विचारपूस घालावी, असे सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. आपला अनुभव काय?

पिंपळपान:
अडचण गोडव्याची नाही, वेळेची आहे. २००९ साली दहा भाषांतील संभाषणांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला (मराठी त्यात नव्हती). एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, असे त्यात आढळले. हे जमते, कारण समोरच्याचे वाक्य कुठे संपणार हे आपण त्याच्या सुरावरून आणि वाक्याच्या घडणीवरून आधीच ताडतो. साध्या यंत्रणा मात्र केवळ शांतता मोजतात, त्यामुळे आठवण्यासाठी थांबलेल्याला त्या मध्येच तोडतात आणि बोलून मोकळा झालेल्याला ताटकळत ठेवतात. हो-नाहीच्या प्रश्नानंतर कमी थांबा, खातेक्रमांक विचारल्यावर पुष्कळ थांबा आणि "थांबा", "एक मिनिट" असे ऐकू आल्यास गप्प राहण्याची वेगळी सोयच ठेवा. ऐकताना माणूस "हं, हं" म्हणतो ती नुसती पोच असते. ती होकार म्हणून नोंदवली गेली, तर न कबूल केलेला हप्ता त्याच्या नावावर कबूल म्हणून चढेल.

कोरा_कागद:
विचारपुशीबद्दल सांगतो. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये टिमथी बिकमोर आणि जस्टीन कॅसल यांनी पडद्यावरची एक घरदलाल बाई घडवली होती, जी पैशाचा विषय काढण्यापूर्वी अवांतर गप्पा मारत असे. त्या गप्पांमुळे बहिर्मुख लोकांचा तिच्यावरील विश्वास वाढला, अंतर्मुख लोकांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. तुमचा फोन तर वसुलीचा आहे. तब्येत विचारून पुढच्याच वाक्यात थकबाकीवर येणारा माणूस गावात कोणाला आवडतो? मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली, पडद्यावर येऊन मदत देऊ करणारी ती बोलघेवडी कागदाची पिन आठवा: तिचा राग येई तो ती उद्धट होती म्हणून नव्हे, तर नको म्हटले तरी तेच पुन्हा विचारी म्हणून. तेव्हा "पुढच्या आठवड्यात भरतो" असे कोणी सांगितले असेल, तर दुसऱ्या दिवशी तोच फोन जाऊ देऊ नका.

नदीकाठ:
विचारपूस वगळतो. पण फोन सूनबाईंनी किंवा शेजाऱ्यांनी उचलला, तर यंत्रणेने काय बोलावे?

पिंपळपान:
रक्कम तर नाहीच, "हप्ता" हा शब्दसुद्धा नाही. ही यंत्रणा आहे हे आधी सांगावे, सभासदाचे नाव घेऊन "ते बोलू शकतील का?" एवढेच विचारावे, आणि ते नसतील तर संस्थेच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन फोन ठेवावा. घरात कोणाला कर्ज ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे आवाजावरून ओळखण्याचा खटाटोप करू नये. सभासद स्वतः आले, तरी जन्मतारखेसारखी एखादी खूण पटल्यावरच पुढे जावे, आणि माणसाशी बोलायचे आहे असे कोणी म्हणाल्यास पहिल्याच वेळी फोन कर्मचाऱ्याकडे वळवावा.